ओटीवरून : खारे वारे, मतलई वारे

माझ्या नोकरीचीं चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत गेलीं. त्यांपैकीं निदान तीस वर्षें तरी मी फळ्यावर एकच आकृति काढीत आलों. डाव्या हातास समुद्राच्या चार लाटा, उजव्या हातास एक डोंगर व दोन माड, आणि मध्यें बाण. बाण समुद्राकडून जमिनीकडे गेला म्हणजे तो खारा वारा. जमिनीकडून समुद्राकडे गेला म्हणजे तो मतलई वारा. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी उशिरां तापतें व उशिरां निवतें. म्हणून दिवसा जमिनीवरची हवा तापून वर चढते व तिची जागा घेण्यास समुद्रावरची हवा येते. रात्रीं याच्या उलट प्रकार होतो. हें सर्व मीं इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, झोंपेंतून उठवून विचारलें तरी माझें एक अक्षर अडणार नाहीं. विद्यार्थ्यांचेंही अडत नसे. परीक्षेंत या प्रश्नाला गुण असत आणि ते बहुतेकांस मिळत. मला स्वतःला मात्र या प्रश्नाचें उत्तर येत नव्हतें, हें वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, करंझाळ्याच्या किनाऱ्यावर उभा असतां मला कळलें. ती हकीगत आज वाचकांस सांगावयाची आहे. सांगण्यांत माझी शोभा नाहीं. परंतु न सांगण्यांत ती आठ महिने कशी राहिली, तेंही ओघानें येईलच.

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडील बंधूंची, थोरली नात पणजीस आत्याकडे राहून महाविद्यालयांत शिकते. आम्ही सारे सावंतवाडीस एकत्र राहतों. अण्णा, वहिनी, मी, माझी पत्नी, मुलें, सुना व नातवंडें मिळून तेरा पानें रोज मांडलीं जातात. २०२३ च्या डिसेंबरांत ही मुलगी सुटींत घरीं आली असतां जेवतांना सहज म्हणाली कीं, आपण ‘विंडसर्फिंग’ शिकूं लागलों आहोंत. शब्द कोणास समजला नाहीं. वहिनींनीं भात वाढतां वाढतां विचारलें, “तें परीक्षेला आहे का ग?” पोरगी हंसून म्हणाली, “नाहीं आजी. पाण्यांत एका फळीवर उभें राहायचें, हातांत शीड धरायचें, आणि वारा नेईल तिकडे न जातां आपल्याला हवें तिकडे जायचें.” अण्णांचा घांस हातांतच राहिला. आमच्या घराण्यांत पाण्याची धास्ती जुनी आहे. आमचे वडील आम्हां भावांस विहिरीच्या कांठड्याजवळ उभें राहूं देत नसत. त्यामुळें कोंकणांत जन्म जाऊनही आम्हां दोघांस पोहतां येत नाहीं. या पोरीनें मात्र आत्याकडे राहून पोहणें आधींच शिकून घेतलें होतें.

हा खेळ काय आहे तें थोडक्यांत सांगतों. सुमारें आठनऊ फूट लांब व अडीचतीन फूट रुंद अशी हलकी, पाण्यावर तरंगणारी फळी असते. तिच्या तळाशीं माशाच्या परासारखें एक पातें व मध्यभागीं पाण्यांत सोडलेली सुरीसारखी एक फळी असते. या दोहोंमुळें ती आडवी घसरत नाहीं. फळीच्या मध्यावर डोलकाठी बसविलेली असते, पण होडीच्या डोलकाठीसारखी ती खिळविलेली नसते. तिच्या बुडाशीं असा एक सांधा असतो कीं, ती कोणत्याही दिशेस कलते, अगदीं पाण्यावर आडवी पडते. डोलकाठीस शीड असतें व शिडाला वेढणारी एक दुहेरी कमान असते. शिकणारानें ती कमान दोन्ही हातांनीं धरावयाची. या नावेला सुकाणू नाहीं. शीड पुढच्या टोंकाकडे कललें कीं फळीचें तोंड वाऱ्यापासून दूर वळतें. मागच्या टोंकाकडे कललें कीं तें वाऱ्याकडे वळतें. शिडावर वाऱ्याचा जोर जेथें एकवटतो तें स्थान आणि पाणी फळीला जेथें अडवून धरतें तें स्थान, या दोहोंच्या पुढेंमागें होण्यानें हें घडतें. डोलकाठी, दोर, सुकाणू आणि खलाशी या चौघांचें काम एका मनुष्यदेहास करावें लागतें.

आणि मनुष्यदेह तें काम सुखासुखीं करीत नाहीं. प्रथम शीड पाण्यांत पडलेलें असतें. वारा पाठीवर घेऊन, डोलकाठीच्या दोहों बाजूंस दोन पाय ठेवून उभें राहावयाचें आणि एका जाड दोरीनें तें शीड वर ओढावयाचें. शिडावर पाणी सांठलेलें असल्यामुळें आरंभीं तें धोंड्यासारखें जड लागतें. घाईनें ओढलें तर माणूस तोंडावर पडतो. पाणी निथळून जाण्यास वेळ दिला तर शीड एकाएकीं हलकें होऊन वर येतें, आणि त्या एकाएकीं हलकें होण्यास जो तयार नसतो तो पाठीवर पडतो. शीड वर आलें कीं तें निशाणासारखें फडफडूं द्यावयाचें. मग पुढचा हात कमानीवर, मग मागचा, मग मागचा हात हलकेच जवळ ओढला कीं शिडांत वारा भरतो व फळी चालूं लागते. जोर फार झाला कीं मागचा हात सैल सोडावा. वारा निसटून जातो. “पहिल्या दिवशीं मी किती वेळां पडलें तें मोजलंच नाहीं,” पोरगी सांगत होती. “सर म्हणाले, पडणं मोजूं नकोस, उठणं मोज.”

या खेळाचा इतिहासही मीं पुढें वाचून काढला. तो फार जुना नाहीं. अमेरिकेंतील न्यूमन डार्बी यानें १९६४ सालीं अशी शिडाची फळी करून पुढच्याच वर्षीं तिची माहिती मासिकांत छापली. जिम ड्रेक या विमानविद्येंतील इंजिनिअरानें हॉयल श्वाइट्झर याच्या सहकार्यानें कॅलिफोर्नियांत १९६७ च्या सुमारास तिला आजचें रूप दिलें. या दोघांनीं १९६८ सालीं एकस्वासाठीं अर्ज केला. पुढें इंग्लंडांत या हक्काबद्दल खटला झाला, तेव्हां असें पुढें आलें कीं, पीटर चिल्व्हर्स नांवाच्या एका बारा वर्षांच्या मुलानें १९५८ सालींच हेलिंग बेटावर घरच्या घरीं अशी एक फळी तयार करून चालविली होती; आणि तेथील न्यायालयानें तें मानलें. १९८४ सालीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकांत पुरुषांसाठीं व १९९२ सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकांत स्त्रियांसाठीं या खेळाच्या स्वतंत्र शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडेही तो अगदींच अपरिचित नाहीं. गोव्याची कात्या कुएल्हो ही भारताच्या वतीनें आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरलेली आहे. आमच्या ओटीवर मात्र ही वार्ता पोहोंचावयास २०२३ साल उजाडावें लागलें.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. २०२४ च्या फेब्रुवारींत एका मुंजीनिमित्त मी पणजीस गेलों व आत्याच्या घरीं चार दिवस राहिलों. पोरीचा वर्ग दुपारीं तीन वाजतां भरे. मला तें पटेना. जन्मभर पहांटे उठून अभ्यास करविलेला मी मास्तर. भर उन्हांत कसला अभ्यास? शिवाय सकाळीं किनाऱ्यावर फिरावयास गेलों तेव्हां पाणी कसें होतें, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. आरशासारखें स्वच्छ व निवांत; लाट म्हणून नाहीं. दुपारीं पाहावें तर तेंच पाणी खवळल्यासारखें दिसे. मीं तिला म्हटलें, “नवशिक्यानें शांत पाण्यांत शिकावें हें साधें तत्त्व आहे. उद्यां रविवार, सकाळीं सातला जा.” ती म्हणाली, “आबा, सर नसतांना पाण्यांत जायचं नाहीं असं त्यांनीं सांगितलंय.” मीं म्हटलें, “कांठाकांठानेंच कर. मी उभा आहें ना?” तिच्या एका मैत्रिणीचें घर किनाऱ्यालगत होतें व तिची स्वतःची फळी होती. पोरगी क्षणभर घुटमळली. पण घरांतील वडील माणूस सांगतो आहे, तेव्हां गेली.

पहिली दहा मिनिटें उत्तम गेलीं. तिनें शीड उचललें, फळी चालूं लागली, आणि मला मनांत मोठें समाधान वाटलें. मग ती पडली. उठून शीड उचलण्यास तिला जो वेळ लागला तेवढ्यांत फळी थोडी दूर गेली. पुन्हां उठली, पुन्हां पडली, पुन्हां दूर गेली. किनाऱ्यावर माड व घरें असल्यामुळें जमिनीवरून येणारा वारा कांठाशीं लागतच नव्हता. म्हणून तर तेथें पाणी आरशासारखें दिसत होतें. जसजसें आंत जावें तसतसा तो आडोसा संपतो व वारा वाढतो. हा तोच मतलई वारा. सकाळीं जमीन अजून तापलेली नसते, म्हणून तो वाहत असतो, आणि त्याचा बाण समुद्राकडे असतो. मीं हा बाण खडूनें शेंकडों वेळां काढला होता. त्या बाणाच्या टोंकावर आमची पोरगी होती.

नवशिक्यास वाऱ्याच्या सन्मुख येतां येत नाहीं. कोणत्याही शिडास वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेस सरळ जातां येत नाहीं. दोहों बाजूंस सुमारें ४५ अंशांचा कोन सोडून नागमोडी वळणें घेत यावें लागतें, आणि ती विद्या पहिल्या महिन्यांत साधत नाहीं. शीड गुंडाळून हातांनीं वल्हवीत परतण्याचा धडा तिचा अद्याप व्हावयाचा होता. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची गोष्ट निराळी. तो लाटा उठवितो, तोंडावर पाणी मारतो, दिसावयास उग्र दिसतो. पण जो थकला त्याला तो कांठाशीं आणून टाकतो. सकाळचा वारा सौम्य दिसतो आणि घेऊन जातो. म्हणून तिच्या शिक्षकांनीं दुपारची वेळ ठेवली होती.

पाहतां पाहतां ती नारळाएवढी दिसूं लागली. मला पोहतां येत नाहीं. मी गुडघाभर पाण्यांत जाऊन हांका मारीत होतों व त्या वाऱ्याबरोबर तिच्याचकडे जात असल्या तरी तिला ऐकूं जाणें शक्य नव्हतें. नंतर ती उठेनाशी झाली. फळीवर बसून ती दोन्ही हात बाजूंस पसरून सावकाश वर-खालीं करीत आहे, एवढें दिसे. संकटांतील माणसाची ती खूण आहे हें मला ठाऊक नव्हतें. जाळें निवडीत बसलेल्या रापणकारांस मात्र तें पाहतांच समजलें. दोघांनीं होडी लोटली, यंत्र सुरू केलें, आणि अर्ध्या तासानें तिला फळीसकट परत आणलें. ती थंडीनें कांपत होती, पण शुद्धीवर व शांत होती. त्यांतील म्हातारा मला म्हणाला, “फळी सोडली नाहीं हें चांगलें केलें. पोहत निघाली असती तर मिळती ना.” त्यांनीं पैसे घेतले नाहींत.

आत्यानें घरीं फोन केला. अण्णा दुसऱ्या दिवशींच्या गाडीनें आले. सर्वांसमक्ष त्यांनीं पोरीस विचारलें, “शिक्षक नसतांना, सकाळच्या प्रहरीं, तुला जायला कोणी सांगितलें?”

ती गप्प राहिली. मी तेथेंच बसलों होतों. मीही गप्प राहिलों.

वाचकहो, चौतीस वर्षें मीं वर्गांत ‘कोणी केलें?’ हा प्रश्न विचारला आहे. उत्तर न देणाऱ्या मुलांना मीं उभें केलें आहे, कधीं छडीही मारली आहे. त्या दिवशीं मात्र पहिला क्षण गेला, दुसरा गेला, आणि मग बोलणें अशक्य झालें. अण्णांनीं निकाल दिला : “हट्टी आहे. हा खेळ बंद.” पोरीनें मान खालीं घालून ऐकून घेतलें. जातांना तिनें एवढेंच विचारलें, “अण्णा, पावसाळ्यांत समुद्र तसाही बंदच असतो. तेवढे चार महिने मला घरीं सराव करूं द्याल? समुद्रावर पुन्हां जायचं कीं नाहीं, तें तुम्ही मग ठरवा.” अण्णांनीं ‘हूं’ केलें, आमच्या घरांत ‘हूं’ म्हणजे होकार.

पश्चिम किनाऱ्यावर जून लागला कीं समुद्राचें रूप पालटतें. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी कायद्यानें बंद असते. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मगच कोळी होड्या लोटतात. अशा समुद्रांत नवशिक्याचें काम नाहीं. पोरगी सुटींत व पुढें दर शनिवार-रविवारीं घरीं येई आणि आमच्या ओटीवर तिचा सराव चाले.

प्रथम चितारआळींतल्या एका सुताराकडून तिनें आंब्याची एक जाड फळी व एक लांकडी लाट करून आणली. लाटेवर फळी आडवी ठेवून तिच्यावर दोन्ही पायांनीं तोल सांभाळून उभें राहावयाचें. खालीं पाहिलें कीं तोल जातो. नजर समोर ठेवली कीं राहतो. घरांतल्या सर्व पोरांनीं तो प्रयोग केला व ओटीवर पडण्याचा जो गजर झाला तो शेजारींही ऐकूं गेला.

मग तिनें झोपाळा काढावयास लावला. झोपाळ्याच्या कड्यांना दोन दोर बांधून खांद्याच्या उंचीवर एक बांबू आडवा टांगला. ही तिची कमान. हात ताठ, पाठ सरळ, गुडघे किंचित् वांकलेले, आणि देहाचा भार बांबूवर टाकून मागें झुकावयाचें. हातांनीं ओढावयाचें नाहीं, भारानें तोलावयाचें. कोणी तरी बांबूस अवचित धक्का द्यावा, म्हणजे तो वाऱ्याचा झोत. त्या क्षणीं मागचा हात सैल सोडावयाचा. धक्का देण्याचें काम बालगोपाळांनीं फारच मनापासून केलें. माझी पत्नी मात्र चार महिने कुरकुरत होती कीं, दुपारीं टेकावयास झोपाळा नाहीं, आणि या घरांत आतां माणसांनींच लोंबकळावें.

शीड उचलण्याचा सराव विहिरीवर झाला. रहाटाची दोरी धरून भरलेली घागर वर घ्यावयाची. पहिल्याच दिवशीं वहिनी मागून ओरडल्या, “अग, कमरेनं काय ओढतेस? चाळिशींत कंबर जाईल. पाय रोव, गुडघ्यांतून उठ, हात नुसते धरायला.” पोरगी थक्क होऊन म्हणाली, “आजी, सर अगदीं हेंच सांगतात!” वहिनी म्हणाल्या, “तुझ्या सरांनीं पाणी शेंदलं असेल मग.” पन्नास वर्षें घागरी ओढून जें ज्ञान वहिनींनीं मिळविलें होतें, त्याला आम्ही घरांतल्या पुरुषांनीं ज्ञान असें कधीं म्हटलें नव्हतें.

वाऱ्याचा अभ्यास छत्रीनें होई. भर पावसांत ती अंगणांत छत्री घेऊन उभी राही. डोळे मिटून, गालाला वारा कोठून लागतो तें सांगे व मग डोळे उघडून आंगणांतल्या तुळशीवृंदावनास बांधलेल्या दोऱ्याकडे पाहून ताळा घेई. छत्री कशी धरली असतां हलकी राहते आणि कोणत्या कोनांत आली कीं ओढून नेते, तेंही तिनें धाकट्यांस दाखविलें. दोन छत्र्या उलटल्या. एक माझी होती.

हें सर्व मी ओटीच्या कोपऱ्यांत बसून पाहत असें. ‘अभ्यास’ हा शब्द आपण पाठांतराच्या अर्थानें वापरतों. पण तो शब्द अभि आणि अस् यांपासून झाला आहे, आणि हा अस् धातु ‘फेंकणें’ या अर्थाचा आहे. एका लक्ष्याकडे स्वतःस पुनःपुन्हां झोंकून देणें, हा त्याचा अर्थ. व्याकरणांतही या शब्दाचा एक उपयोग आहे. ‘ददाति’ किंवा ‘बभूव’ या रूपांत धातूचें द्वित्व होतें; त्यांतील पहिल्या भागास ‘अभ्यास’ अशी संज्ञा आहे. ‘बभूव’ मधील त्या पहिल्या ‘ब’ ला स्वतःचा वेगळा अर्थ नाहीं. पण तो नसेल तर रूप उभें राहत नाहीं. पोरीचा पावसाळा तसा होता. समुद्र नाहीं, वारा खरा नाहीं, शीड नाहीं. तरीही ती रोज त्या बांबूवर झुके. मला मात्र तिच्याकडे पाहतांना एकच गोष्ट आठवे. हिच्या डोक्यावर हट्टीपणाचा जो शिक्का बसला आहे तो माझा आहे, आणि ही तो मुकाट्यानें वागवीत आहे. एकदां मी तिला एकटीला गांठून म्हणालों, “तूं सांगितलें कां नाहींस?” ती म्हणाली, “आबा, नियम मला माहीत होता. तुम्हांला नव्हता. मी नाहीं म्हणायला पाहिजे होतं.” हें उत्तर ऐकून मला बरें वाटावयास हवें होतें, तें वाटलें नाहीं.

२०२४ ची कोजागरी १६ ऑक्टोबरला होती. तोंवर पाऊस ओसरला होता. सारें घर ओटीवर दूध घेऊन बसलें होतें आणि पोरगी मुद्दाम आली होती. कारण अण्णा निकाल देणार होते. अण्णांनीं तिची परीक्षाच आरंभली. वारा कोणत्या वेळीं कोठून येतो? दुपारीं समुद्रावरून. अंगांत काय घालणार? तरंगणारें जाकीट, नेहमीं. पाण्यांत थकलीस तर? फळी सोडणार नाहीं. एकटी जाणार का? कधींच नाहीं, आणि शीड गुंडाळून हातांनीं परत येण्याचा धडा पहिल्या आठवड्यांत घेणार. सर्व उत्तरें बरोबर आलीं. मग अण्णा म्हणाले, “एवढें सारें कळत होतें, तर फेब्रुवारींत सकाळीं कां गेलीस?”

ती पेल्याकडे पाहूं लागली. तोच पहिला क्षण पुन्हां आला. या वेळीं मीं तो जाऊं दिला नाहीं. मी म्हणालों, “अण्णा, मीं पाठविलें. ती नाहीं म्हणत होती. मीं आग्रह केला. त्या दिवशीं मी बोललों नाहीं, आणि आठ महिने बोललों नाहीं.”

ओटीवर इतकी शांतता झाली कीं, धाकट्या पोराचा दूध पिण्याचा आवाज मोठा वाटूं लागला. अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. ते रागावतील तर बरें, असें मला झालें. शेवटीं ते नातीकडे वळून म्हणाले, “तुला मीं हट्टी म्हटलें तें परत घेतों.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आणि तुला प्रायश्चित्त आहे. पोहायला शीक.” मुलें हंसलीं, अण्णा हंसले नाहींत.

डिसेंबरांत आम्ही दोघे भाऊ करंझाळ्यास गेलों. दुपारचे तीन वाजले होते. खारा वारा तोंडावर येत होता. तिचे शिक्षक पाण्यांतच होते. पोरगी तीन वेळां पडली. प्रत्येक वेळीं अण्णांची मूठ माझ्या दंडावर आवळली गेली. चौथ्या वेळीं ती सरळ गेली, दूरवर जाऊन वळली, आणि आल्या वाटेनें परत आली. मग तिनें मुद्दाम आमच्यासाठीं म्हणून शीड पाण्यांत सोडलें, गुंडाळलें, फळीच्या मागच्या अंगावर घेतलें, आणि पालथी पडून हातांनीं वल्हवीत कांठाला आली. अण्णा तिला एवढेंच म्हणाले, “हें शेवटचें मला अधिक आवडलें.”

ज्या घरांतील मुलामुलींस असा कांहीं छंद लागला असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस माझें सांगणें थोडें आहे. आधीं पोहणें शिकवा. शिक्षकानें ठरविलेली वेळ आपल्या सोयीनें बदलूं नका. पाणी शांत आहे का हें पाहूं नका. वारा कोणीकडे जातो आहे तें पाहा. आणि आपला सल्ला चुकला असेल तर तें त्याच दिवशीं सांगा. पुढें तें फार जड होतें, शिडावर सांठलेल्या पाण्यासारखें.

माझें प्रायश्चित्त चालूं आहे. विहिरींत पुतण्या कमरेला दोर बांधून मला सोडतो. वहिनी कांठड्यावरून सूचना देतात. पाठीवर तरंगणें आतां मोजून वीस आंकडे होईपर्यंत जमतें. एकविसाव्यास पाय खालीं जातात. मी पडणें मोजीत नाहीं.